पथ्य, भाकरी आणि रिपोर्ट : सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. ह्यांना शुगर निघाली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा एचबीएवनसी ८.९ होतं, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा. घरात सगळ्यांचं एकच, चपाती बंद करा, आपली ज्वारी आहे की, ज्वारीनं शुगर वाढत नाही. मग हे तीन-तीन कडक भाकऱ्या आमटीत चुरून खायचे, वर शेंगाचटणी, आणि चार महिन्यांनी रिपोर्ट ८.६. मला रडूच आलं. डायटिशियन ताईंनी पीठ वजन करून दाखवलं तेव्हा कळलं, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. म्हणजे भाकरी चांगलीच आहे पण ती मोजून खायची, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ताटात आधी काकडी, मुळा, मेथीची कोवळी पानं, मग वाटीभर मटकीची उसळ नाहीतर घट्ट पिठलं आणि त्याच्याबरोबर दीड भाकरी. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं गल्लीत चालणं. गोळ्या चालूच आहेत, बंद केल्या नाहीत. गेल्या महिन्यात ६.८ आलं.
तुमच्या घरात काय खाल्ल्यानं फरक पडला ते लिहा, आणि काय चुकलं ते तर नक्की लिहा.

पूर्व भागातला लूमवाला
ताई चुकलेलंच सांगतो. पॉवरलूमवर बारा तासाची पाळी आहे माझी, टॉवेलचं काम. श्रावणी सोमवार धरला होता, सकाळी शुगरची गोळी घेतली आणि दिवसभर नुसता बिनसाखरेचा चहा. दुपारी हात थरथरायला लागले, घामानं बनियन भिजलं, डोळ्यापुढं अंधारी, चालू लूमवर जाणार तेवढ्यात शेजारच्या पोरानं धरलं. त्यानंच टपरीवरनं साखर आणून पाण्यात कालवून पाजली म्हणून आज लिहायलोय. डॉक्टर म्हणाले काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसलं तरी त्या शुगर खाली ओढतच राहतात. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं, आणि बरं वाटलं की काहीतरी खायचं. आता खिशात साखरेची पुडी कायम. उपवास सोडला, सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन तळ्याकाठी बसून येतो. रात्रपाळी लागली की गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून घेतो, स्वतःच्या मनानं नाही.

जुळे सोलापूरची आई
माझी मुलगी सात वर्षांची असताना वजन वाढेना, पोट फुगायचं, सारखे जुलाब, रक्त कमी. दोन वर्षं जंताची औषधं आणि टॉनिकं पाजली. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून तपासणी करायला लावली, सिलियाक निघाला. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला चालत नाही, आयुष्यभर. यात औषध म्हणजे जेवणच, दुसरं काही नाही. (कुणाला शंका असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो.)
त्या दिवशी मी ज्वारीचं पीठ मळत होते आणि लक्षात आलं, ज्वारीला चिकटपणा नसतो म्हणून तर आपण पिठात उकळतं पाणी घालतो, आणि तो नसलेला चिकटपणा म्हणजेच ग्लूटेन. आजीची भाकरी माझ्या लेकीला चालणार होती! पण सहा महिने भाकरी खाऊनही त्रास थांबेना. कारण गिरणी. तिथं आमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, तेच पीठ आमच्या डब्यात. मग घरी लहान चक्की घेतली, तिच्यात गहू कधीच घालत नाही. दुसरा चोर हिंग, डबीवरचं बारीक वाचलं तर त्यात गव्हाचं पीठ. रवा, शेवया, पाव तर सोडाच, ज्वारीचीच धपाटी करताना पिठात मूठभर गहू घालायची सवय असते आपल्याला, तीही मोडली. तवा-पोळपाट वेगळा. आता दहा वर्षांची आहे, वर्गात उंचीनं मागून दुसरी.

विजापूर रोड
सासूबाईंना बीपी, त्यात किडनी कमजोर. मीठ कमी करायचं म्हणून मी हौसेनं कमी सोडियमचं मीठ आणलं, आणि रक्त वाढावं म्हणून रोज घरच्या बागेतलं डाळिंब, शिवाय नारळपाणी. महिन्याभरात पायात जीव नाही, पोटॅशियम ६ च्या वर, ॲडमिट करावं लागलं. त्या मिठात सोडियम कमी करायला पोटॅशियमच घालतात हो, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नव्हती. मीच भरवत होते, अजून झोप लागत नाही त्या आठवणीनं. आता साधंच मीठ पण अगदी थोडं, लोणचं-पापड बंद, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देते.

धागा सुरू करणारी
ताई, तुम्ही प्रेमानंच दिलंत, स्वतःला दोष देऊ नका. आमच्या ह्यांना डाळिंब चालतं, तुमच्या सासूबाईंना नाही, म्हणून लिहिताना आजार आणि रिपोर्ट दोन्ही लिहा सगळ्यांनी.

बाळे
थायरॉईडवाल्यांसाठी एवढंच. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यानं, चहा किमान अर्ध्या तासानं, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चार तासांनी. मी सगळं एकदमच घ्यायचे, डोस वाढवूनही टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रिपोर्टातला आकडा, हलेना. वेळा बदलल्यावर हलला.

लूमवाला
जुळे सोलापूरच्या ताई, माझ्या भाचीला पण तुमच्या लेकीसारखंच निघालंय. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येणार आहे, रानात हुरड्याला न्यायचं म्हणतोय. चालतो का?

जुळे सोलापूरची आई
चालतो की दादा, ज्वारीच आहे. फक्त बरोबर विकतची शेव नको, एकाच कढईत सगळं तळलेलं असतं. घरची शेंगाचटणी, गूळ, दही न्या, आणि हुरडा चोळायला स्वच्छ फडकं आपलं घेऊन जा.