मदत हवी आहे: कृष्णविवराच्या सावलीची कड २.६ ऐवजी ५.३६ ला येते

न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीचे प्रकाशकिरण पायथनमध्ये काढतोय. सगळी अंतरं श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (मध्यापासून घटना क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या; या सीमेच्या आतून प्रकाशही परत येत नाही) पटीत, कॅमेरा २० वर. उ = १/अंतर धरून उ'' + उ = ३उ² रुंगे-कुट्टाने (समीकरण पायरीपायरीने सोडवायची पद्धत) सोडवतो, कोनाची पायरी ०.०१. सुरुवातीला उ = १/२०, उ' = १/ब (उ' म्हणजे कोनानुसार उ बदलण्याचा दर; ब म्हणजे इम्पॅक्ट पॅरामीटर, किरण वळला नसता तर मध्यापासून जितक्या अंतरावरून गेला असता ते अंतर). उ १ झाला की किरण आत गेला, शून्याखाली गेला की सुटला. सावलीची (आत गेलेल्या किरणांमुळे दिसणाऱ्या काळ्या वर्तुळाची) कड ब = ५.३६ ला येते, यायला हवी २.५९८ ला. शिवाय कडेलगत ठिपके दिसतात, पायरी ०.००१ केली तरी जात नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
दोन चुका एकत्र आल्यात. ३उ² हे जीएम/सी² = १ (जी गुरुत्व स्थिरांक, एम वस्तुमान, सी प्रकाशवेग) धरलेल्या एककांतलं; तिथे घटना क्षितिज २ वर असतं. तुमचं १ वर आहे, म्हणून १.५उ² घ्या. तेवढ्याने कड २.६२ ला येईल. उरलेला फरक उ' मुळे: १/ब फक्त अनंतावरच्या कॅमेऱ्याला चालतं. तुम्हाला उ' = √(१/ब² − उ²(१−उ)) लागेल.

मग ब = १०० चा किरण सोडून बघा, स्रोत आणि कॅमेरा दोन्ही फार दूर ठेवून. वळण ०.०२०३ रेडियन आलं पाहिजे. ०.०४ च्या आसपास आलं तर गुणक अजून ३ च आहे.

चित्र काढताना ब थेट पडद्यावर मांडू नका. साइन(कोन) = (ब/२०)·√(१−१/२०). सावलीचा व्यास साधारण १४.५ अंश भरेल.

प्रतिसाद २
ठिपक्यांचा दोष पायरीचा नाही. उ'² + उ²(१−उ) किरणभर १/ब² इतकंच राहतंय का तपासा. राहत असेल तर गणित बरोबर आहे. २.५९८ जवळचे किरण १.५ त्रिज्येवरच्या फोटॉन गोलाला (जिथे प्रकाश कृष्णविवराभोवती वर्तुळात फिरू शकतो) घिरट्या घालतात आणि दर अर्ध्या फेरीला पुढची प्रतिमा सुमारे २३ पट बारीक होते. अख्खं आकाश एका पिक्सेलहून अरुंद पट्टीत मावतं. तेवढ्याच पट्टीत प्रत्येक पिक्सेलला १६ ते ६४ किरण सोडून सरासरी घ्या. सगळ्या चित्राला हे करू नका, वेळ फुकट जातो.

प्रश्नकर्ता
कड आता २.५९८ ला आली. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रातल्या कड्याशी ताडता येईल?

प्रतिसाद १
येईल. वस्तुमान ६.५ अब्ज सूर्य, अंतर ५.५ कोटी प्रकाशवर्षं धरलं तर सावलीचा व्यास सुमारे ४० मायक्रो-आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा) येतो. २०१९ च्या चित्रातलं कडं ४२ चं आहे, पण ते चकाकणाऱ्या वायूचं. त्याला सावलीची कड समजून वस्तुमान काढू नका.