भोर घाटाच्या मांडणीतील ओला कातळ आणि धबधबा : मदत हवी आहे

नमस्कार. गेले आठ महिने मी भोर घाटाचा, म्हणजे कर्जत ते खंडाळा या 1863 साली सुरू झालेल्या रेल्वेच्या चढणीचा, एक छोटा तुकडा 1:87 या प्रमाणात मॉडेल म्हणून उभारत आहे. थर्माकोलचे थर कापून, त्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या चढवून डोंगर तयार केला असून त्याचा आकार मनासारखा उतरला आहे. अडचण रंगाची आहे.

सह्याद्रीतील बेसॉल्ट कोरडा असताना करडा-तपकिरी दिसतो आणि पावसात काळाभोर होतो. मला जुलैमधला घाट हवा आहे. परंतु पातळ केलेला काळा अॅक्रिलिक रंग प्लास्टरने असा शोषून घेतला, की कातळाऐवजी डांबर ओतल्यासारखे दिसू लागले आणि बेसॉल्टचे आडवे थर पूर्णपणे बुजले. फक्त बोगद्याच्या तोंडाशी, जिथे ब्रश जवळजवळ कोरडा झाला होता, तिथे नखाएवढा भाग अगदी खरा वाटतो. रंग देण्यापूर्वी प्लास्टरवर प्राइमरचा हात द्यावा का, आणि करड्यापासून काळ्याकडे जावे की उलट?

दुसरा प्रश्न धबधब्याचा. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाच्या धारा वाळून छान पारदर्शक झाल्या होत्या. पावसाळी दमटपणात त्या पुन्हा दुधाळ झाल्या. त्यांवर वॉर्निश देऊन भागेल, की सगळे खरवडून रेझिन वापरावे? कोकणासारख्या दमट हवेत ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर सांगावा.