एअर अ‍ॅम्ब्युलन्सला एक इंजिन की दोन? भामरागड डोक्यात ठेवून बोला

ऑरेंजसिटीवाला:
काल धरमपेठेत चहावर हा विषय निघाला अन् भांडणच झालं, म्हणून इथे टाकून राहिलो. नागपुरातून गडचिरोलीसाठी एअर अ‍ॅम्ब्युलन्स ठेवायची तर एच१४५ सारखं दोन इंजिनांचंच हेलिकॉप्टर पाहिजे. जिल्ह्याच्या टोकाचं भामरागड नागपूरहून रस्त्याने साडेतीनशे किमी, सरळ उडालं तर अडीचशेच्या आसपास, म्हणजे तासभर, पण जाऊन-येऊन पाचशे किमीचं इंधन, वरून पायलट, डॉक्टर, पेशंट, ऑक्सिजन, अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत हवा पातळ झाली की इंजिनाची ताकद अन् पंख्याची उचल दोन्ही घटते. कंपनीच्या ब्रोशरमधला वजन उचलायचा आकडा त्या दुपारी काही कामाचा नाही.

टर्बाइनभाऊ:
पैसे कोण देणार पण? एच१२५ घ्या ना, एक इंजिन, खर्च कमी. याचंच जुनं नाव एएस३५० बी३, ते २००५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर उतरलं अन् तुम्ही आम्हाला पातळ हवा शिकवून राहिले 😄 अमेरिकेत एका इंजिनाच्या कितीतरी एअर अ‍ॅम्ब्युलन्स उडतात.

ऑरेंजसिटीवाला:
एव्हरेस्टवर पायलट एकटा होता ना बे! सामान काढून मशीन हलकं केलं होतं. अन् तुमचं एकुलतं इंजिन जंगलावर बंद पडलं तर उतरवणार कुठे, सागाच्या शेंड्यावर?

मेडिकलचौक:
मी आयसीयूत नर्स आहे, इंजिनाचं मला कळत नाही. पण एच१२५ मध्ये स्ट्रेचर पायलटच्या बाजूची सीट काढून लांबवर टाकतात, पेशंटचे पाय पायलटजवळ. डोक्याला मार लागलेला पेशंट कसा हातपाय झाडतो ते पाहिलंय का कोणी? तिथे सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, कसं करणार? एच१४५ ला मागून दोन दारं उघडतात, स्ट्रेचर सरळ आत. शेपटीचा पंखाही झाकलेला असते, गावात बघ्यांची गर्दी होतेच, कोणाला लागायला नको.

टर्बाइनभाऊ:
ताई, सीपीआरचं मान्य. पण मोठं मशीन म्हणजे पंख्याने खाली फेकलेली हवाही जोरात, टिनाची छपरं उडतील.

अहेरीकर:
तुमचं चालू द्या. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटते तेव्हाच खरी गरज असते, अन् तेव्हा ढग इतके खाली की एक इंजिन काय अन् दोन काय, दोन्ही नागपुरातच उभे. त्या पैशात आमच्याकडे भूलतज्ज्ञ अन् रक्तसाठा द्या आधी.

ऑरेंजसिटीवाला:
भाऊ, पावसाळा चार महिने. बाकी आठ महिन्यांचं काय?

अहेरीकर:
आठ महिने ठीक. पण रात्री साप चावला तर? उतरायला लाइटवालं हेलिपॅड तुमच्या बजेटमध्ये धरलंय का?