मदत हवी आहे : सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूला पेटंट मिळते का?

उदगीरकर
उदगीर आणि आसपासच्या गावांत आमचे केबलचे छोटे जाळे आहे. ग्राहकांच्या सेट-टॉप बॉक्ससाठी आम्ही मराठी मेन्यू तयार केला असून तो रिमोटचे चार बाण आणि ओके एवढ्याच बटणांवर चालतो. वाहिन्यांच्या यादीखेरीज लातूर बाजार समितीतले सोयाबीन आणि तुरीचे भाव, मांजरा धरणातला पाणीसाठा, एसटीच्या वेळा आणि कोणत्या प्रभागात नळाला पाणी कधी सुटणार, हे सगळे त्यात पाहता येते. जुन्या बॉक्सवरसुद्धा पान लगेच उघडते, हीच त्याची खरी गंमत आहे. एका पेटंट एजंटला फोन केला, तर त्यांनी आधी आपली फी सांगितली आणि नंतर "सॉफ्टवेअरला भारतात पेटंट मिळत नाही" असेही सांगितले. मग फी कशाची? मला एवढेच हवे आहे : अशा मेन्यूला पेटंट मिळते की नाही? ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांनीच उत्तर द्यावे, ही विनंती.

तेरणाकाठ
नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) प्रमाणे गणितीय किंवा व्यावसायिक पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही, आणि कलम ३(एन) प्रमाणे माहितीच्या मांडणीलाही नाही. पडद्यावरचा मेन्यू म्हणजे माहितीची मांडणी, आणि तो चालवतो तो प्रोग्राम. दोन्ही दारे बंद आहेत. एजंटने निदान खरे तरी सांगितले.

फिरतीवरचा वकील
तेरणाकाठ यांनी कलमे बरोबर दिली आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ३(के) मध्ये 'निव्वळ' हा शब्द उगाच आलेला नाही. फरीद अलानी यांच्या अर्जाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले, की शोध संगणक प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येणार नाही, त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक प्रगती साधली जाते का, हे तपासावे लागेल. पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या हार्डवेअरची अट होती, तीही २०१७ मध्ये गळाली.

उदगीरकर साहेब, तुम्ही मेन्यूत काय दिसते ते सविस्तर लिहिले, पण तो लगेच का उघडतो याबद्दल एक अक्षर लिहिले नाही, आणि पेटंटचा प्रश्न नेमका तिथेच आहे. जाळे एकतर्फी आहे की बॉक्सकडून उलट संदेश जातो? बॉक्समधले मिडलवेअर, म्हणजे मेन्यूसारखे प्रोग्राम ज्यावर चालतात ते मूळ सॉफ्टवेअर, कोणाचे? प्रोग्राम कोणी लिहिला? आणि आजवर तो कोणाकोणाच्या घरी बसवला आहे? ही चार उत्तरे मिळाल्याशिवाय कोणी 'हो' किंवा 'नाही' म्हणत असेल, तर तो अंदाज समजावा.

डॅलसचा लातूरकर
भारतात वेळ घालवू नका, थेट अमेरिकेत अर्ज करा. टीव्हीच्या पडद्यावरील कार्यक्रम-यादीच्या पेटंटांवर जेमस्टार या कंपनीने वर्षानुवर्षे परवाना शुल्क कमावले. ती कंपनी २००८ मध्ये मॅक्रोव्हिजनने विकत घेतली, पुढे तिचे नाव रोव्ही झाले आणि २०१६ मध्ये रोव्हीने टिवो ही टीव्ही-रेकॉर्डर बनवणारी कंपनी घेतली. एवढ्या उलाढाली झाल्या त्या प्रामुख्याने मेन्यूच्या पेटंटांसाठीच. आपल्याकडे कोणाला त्याचे मोल कळत नाही.

फिरतीवरचा वकील
गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली. त्याच जेमस्टारने इंग्लंडमध्ये व्हर्जिन मीडियावर दावा लावला, तेव्हा २००९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिन्ही पेटंटे अवैध ठरवली, आणि २०११ मध्ये अपिलातही कंपनीच्या पदरात काही पडले नाही. कार्यक्रम-यादी कशी दाखवायची, ही बाब त्यात माहितीच्या मांडणीच्या अंगाने तपासली गेली. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर (अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालवली म्हणून पेटंट नाही) अशी पेटंटे टिकवणे अवघड झाले आहे. दारे अगदीच बंद नाहीत, कारण २०१८ मध्ये कोअर वायरलेस विरुद्ध एलजी या खटल्यात मोबाइलच्या पडद्यावरील सारांश-खिडकीचे पेटंट टिकले. शिवाय भारतात राहणाऱ्याला परदेशात पहिला अर्ज करायचा असेल, तर कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. हा सल्ला देताना ते सांगायचे राहून गेले.

सोनपेठची सून
मेन्यूला नाव काय दिले आहे? आधी त्या नावाचा ट्रेडमार्क करून घ्या. माझ्या दिरांच्या मसाल्याच्या नावाचा आम्ही केला आहे, फारसा त्रास झाला नाही.

उदगीरकर
ताई, नावाचा प्रश्नच नाही, नाव अजून ठरलेलेही नाही.

वकील साहेब, जाळे एकतर्फी आहे, हे मला सांगण्यासारखे वाटले नव्हते, कारण आमच्या भागात बहुतेकांचे तसेच असते. हेडएंडवरून, म्हणजे जिथून सगळ्यांना सिग्नल जातो त्या केंद्रावरून, माहितीची पाने एकामागोमाग एक फिरत राहतात, आणि ग्राहकाने पान मागितले की ते पुन्हा फिरून येईपर्यंत बॉक्स थांबतो. पाने वाढली की थांबणेही वाढते. म्हातारी माणसे तेवढ्यात पुन्हा ओके दाबतात आणि भलतेच पान उघडते. आमच्या पद्धतीत बाण एखाद्या चौकटीवर क्षणभर थांबला, की त्या चौकटीमागची पाने बॉक्स आधीच पकडून ठेवतो. मिडलवेअर बॉक्स बनवणाऱ्या कंपनीचे असून त्यांच्या एसडीकेवर (प्रोग्राम लिहिण्याच्या साधनसंचावर) माझ्या भाच्याने काम केले. तो नांदेडला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गल्लीतल्या काही घरांत चाचणीसाठी बसवले आहे. आता तरी सांगा.

निवृत्त प्रक्षेपण अभियंता
आपली अडचण मी फार जवळून पाहिलेली आहे, कारण टेलिटेक्स्टचे, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलबरोबर येणाऱ्या मजकुराच्या पानांचे, दुखणे हेच होते. पानाचा तीन आकडी क्रमांक दाबायचा आणि वरच्या ओळीत आकडे फिरताना पाहत बसायचे. आपले पान आले की ते थांबत. त्यावर १९८० च्या दशकातच फास्टटेक्स्ट नावाचा उपाय निघाला. प्रत्येक पानाबरोबर पुढच्या पानांचे दुवे प्रक्षेपित होत, रिमोटवर लाल, हिरवे, पिवळे आणि निळे बटण असे, आणि टीव्ही ती पाने आधीच स्मृतीत पकडून ठेवी. त्यामुळे 'पुढचे पान आधी पकडून ठेवणे' एवढाच आपला दावा असेल, तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक तो पहिल्याच अहवालात उडवून लावील, आणि ते योग्यच होईल.

तेरणाकाठ
म्हणजे मी म्हणालो तेच झाले. नवेपणाही नाही आणि पात्रताही नाही.

निवृत्त प्रक्षेपण अभियंता
तसे मी म्हटलेले नाही. फास्टटेक्स्टमध्ये कोणती पाने पकडायची हे पाने पाठवणारा ठरवीत असे. उदगीरकरांच्या बॉक्सवर ते कोण ठरवतो आणि स्मृती भरली की कोणते पान टाकून दिले जाते, हे त्यांनी सांगितलेले नाही. मेन्यूचा रंग, चौकटी आणि मराठी यांना माझ्या लेखी इथे काहीच किंमत नाही; किंमत असलीच तर या दोन गोष्टींना आहे.

उदगीरकर
ते बॉक्सच ठरवतो. त्या घरात सकाळी काय पाहतात आणि संध्याकाळी काय पाहतात, याची नोंद तो ठेवतो. बाजार समितीच्या वेळेला भावाची पाने, संध्याकाळी पाण्याची. जागा संपली की आधी कोणते पान टाकायचे हे ठरवताना ते पान हेडएंडवरून पुन्हा किती वेळाने येणार आहे, हेही तो पाहतो. लवकर परत येणारे पान टाकतो, उशिरा येणारे ठेवतो. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नव्हते.

निवृत्त प्रक्षेपण अभियंता
विशेष तेच आहे. सगळ्यात शेवटी सांगितलेत.

तेरणाकाठ
नोंद ठेवून अंदाज बांधणे हा अल्गोरिदमच आहे आणि ३(के) मध्ये अल्गोरिदम शब्दशः लिहिलेला आहे. शब्द कितीही फिरवले तरी कलम बदलत नाही.

फिरतीवरचा वकील
तेरणाकाठ यांचा आक्षेप परीक्षकही घेणारच, म्हणून त्याचे उत्तर अर्जातच असले पाहिजे. 'अंदाज बांधण्याची पद्धत' असा दावा लिहिला तर तो नक्की पडेल. उलट्या संदेशाची सोय नसलेल्या जाळ्यात, मर्यादित स्मृतीच्या बॉक्सने, फिरत्या पानांच्या परतण्याच्या वेळेनुसार स्मृतीचे वाटप करणे आणि त्यामुळे पान उघडण्यास लागणारा वेळ कमी होणे, असा दावा लिहिला तर चर्चा तांत्रिक परिणामावर येते. त्यासाठी मोजमाप हवे : तोच बॉक्स, तीच पाने, तुमच्या पद्धतीसह आणि तिच्याशिवाय, सेकंदांत. 'लगेच उघडते' हे वर्णन अर्जात उपयोगाचे नाही. मेन्यू कसा दिसतो ते दाव्यात घालूच नका. त्याचे संरक्षण हवेच असेल तर तो डिझाइन कायदा २००० चा विषय आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यूएसटी ग्लोबलच्या प्रकरणात, पडद्यावरचे आराखडे नोंदणीपात्रच नाहीत ही भूमिका मान्य केली नाही, तरीही तिथला रस्ता मला अजून खडबडीत वाटतो.

आधी शोध घ्या. इनपास (भारतीय पेटंट कार्यालयाचे), एस्पासनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाचे) आणि गूगल पेटंट्स ही पेटंट शोधण्याची तिन्ही संकेतस्थळे फुकट आहेत. पेटंटांच्या वर्गीकरणात एच०४एन २१/४८२ हा कार्यक्रम निवडण्याच्या पडद्यांचा वर्ग आहे आणि जी०६एफ ३/०४८२ हा मेन्यूंचा. पण तुमचे खरे प्रतिस्पर्धी पाने साठवून ठेवण्याच्या पद्धतींत सापडतील, तिकडे जास्त पाहा.

गल्लीतल्या घरांबद्दल. कलम ३२ मध्ये वाजवी चाचणीसाठी केलेल्या सार्वजनिक वापराला अर्जापूर्वीच्या एका वर्षापुरती सूट आहे, पण तो वापर केवळ चाचणीसाठी असावा आणि चाचणी लोकांत करण्याची खरोखर गरज असावी लागते. त्या घरांकडून मेन्यूचे वेगळे पैसे घेतले असतील तर ही सूट सांगणे कठीण जाईल. नवी घरे जोडणे आजच थांबवा.

उदगीरकर
पैसे घेतलेले नाहीत. अर्जाला खर्च किती? आणि मराठीत लिहिला तर चालेल का?

फिरतीवरचा वकील
चालणार नाही, अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लागतो. व्यक्तीच्या नावे ऑनलाइन भरल्यास तीस पाने आणि दहा दाव्यांपर्यंत १,६०० रुपये, आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये वेगळे. ती विनंती ३१ महिन्यांत करावी लागते, नाहीतर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. एजंटची फी यात नाही. मोजमाप हातात नसेल तर आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून तारीख पदरात पाडून घ्या, मग पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनासाठी, बारा महिने मिळतात. मात्र पाने टाकून देण्याचा नियम प्रोव्हिजनलमध्ये नीट लिहिलेला हवा. जे त्यात नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. आपला विभाग मुंबई कार्यालयाखाली येतो, आणि सुनावणी बहुधा व्हिडिओवर होते.

त्याआधी दोन कागद वाचा. एक, एसडीकेचा करार : त्यावर केलेल्या सुधारणा कोणाच्या मालकीच्या, हे त्यात लिहिलेले असू शकते. दोन, महाविद्यालयाचे बौद्धिक संपदा धोरण, कारण विद्यार्थ्याच्या प्रकल्पावर काही संस्था हक्क सांगतात. नियम भाच्याला सुचला असेल तर शोधकर्ता म्हणून त्याचेच नाव लागेल, तुमचे नाही. तुम्ही दोघे अर्जदार होऊ शकता, पण कलम ५० प्रमाणे वेगळा करार नसेल तर दोघांचा वाटा सारखा आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला परवाना देता येत नाही. मामा-भाच्यांत आज हे बोलणे अवघड वाटेल, पण कागद करा.

डॅलसचा लातूरकर
हे सगळे करण्यापेक्षा प्रोग्राम कंपनीला विकून मोकळे व्हा.

उदगीरकर
विकायचे की नाही ते नंतर पाहू. साहेब, भाच्याचा प्रकल्प अहवाल विभागात जमा झाला आहे. त्याची काही अडचण?

फिरतीवरचा वकील
तो ग्रंथालयात गेला किंवा संकेतस्थळावर चढला तर अडचण आहे, कारण मग तो कोणालाही वाचता येईल. मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटून, अर्ज दाखल होईपर्यंत अहवाल विभागातच कुलपात ठेवण्याची लेखी विनंती करायला भाच्याला सांगा आणि त्या विनंतीची पोच घ्यायला लावा. हे काम एजंट शोधण्याच्या आधीचे आहे.

सोनपेठची सून
उदगीरकर दादा, पाण्याच्या वेळांचे पान आमच्या सोनपेठलाही सुरू करता येईल का?