घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो, कारण कसं शोधायचं?

खर्जस्वर

अभंगांचं रेकॉर्डिंग घरीच चालू आहे. गायक आणि पेटी, दोन माइक, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटीवजा वस्तू), विंडोज ११ चा लॅपटॉप आणि रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. इंटरफेससोबत आलेलाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने ऑडिओ देणारा), ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, म्हणजे सॅम्पल), २४ बिट, बफर (संगणक एका वेळी उचलतो तो साठा) ६४ सॅम्पल. मिनिटाला दोन-तीनदा बारीक ‘टक्’ येतो, मधलं अंतर ठरलेलं नाही. दोन्ही ट्रॅकवर तो एकाच क्षणी येतो. पातळी −१२ डीबीच्या वर जात नाही. माइकच्या केबल बदलल्या, फरक नाही. सुरुवात कुठून करावी? आणि झालेले सहा अभंग वाचतील का?

तांब्याची_तार

दोन्ही ट्रॅकवर एकाच क्षणी येतो, ही मोलाची खूण आहे. माइक किंवा केबल बिघडली असती तर एकाच ट्रॅकवर आला असता. आता तोच तुकडा दोनदा वाजवून पाहा. ‘टक्’ दोन्ही वेळा त्याच जागी आला तर तो फाइलमध्ये आहे. जागा बदलली तर रेकॉर्डिंग चांगलं आहे, वाजवताना अडखळतंय.

फाइलमध्ये असेल तर पुढची चाचणी करा. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये ४४० हर्ट्झची साइन टोन (एकसारखा शुद्ध सूर) तयार करा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५, कालावधी दहा मिनिटं. इंटरफेसच्या लाइन आउटमधून एक केबल त्याच्याच लाइन इनमध्ये लावा. फँटम पॉवर (माइकला जाणारी वीज) बंद, डायरेक्ट मॉनिटर (इनपुट संगणकात न नेता थेट हेडफोनला देणारी सोय) बंद, रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंगही बंद, नाहीतर सिग्नल गोल फिरून शिट्टी वाजेल. टोन वाजवत रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्रात, पाहा. प्रत्येक ‘टक्’ उभ्या रेघेसारखा दिसतो, कान लावून दहा मिनिटं बसावं लागत नाही.

टोन १००० हर्ट्झची घेऊ नका. ४८ किलोहर्ट्झला तिचं एक आवर्तन बरोबर ४८ सॅम्पलचं, म्हणजे १ मिलिसेकंदाचं होतं. यूएसबीवर नेमका तेवढाच तुकडा हरवला तर लाट जिथे तुटली तिथेच बेमालूम जुळते आणि दोष लपून जातो. ४४० ला असं होत नाही.

रेघेपाशी झूम करा. लाट मधेच पायरीसारखी तुटून वेगळ्याच ठिकाणाहून सुरू झाली असेल तर सॅम्पल हरवले आहेत, दोष संगणकाकडे किंवा यूएसबीकडे. लाट अखंड आहे आणि तिच्यावर फक्त एक टोक उभं राहिलंय, तर विजेचा झटका आत शिरलाय.

वायरिंगवाला

टोक दिसलं तर फ्रिजचा कॉम्प्रेसर, पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट हे पहिले संशयित. एकेक चालू-बंद करून टोकाची वेळ जुळते का पाहा. मग लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. इंटरफेस फ्रिजच्या सॉकेटवर किंवा त्याच एक्स्टेंशन बोर्डावर नको. माइकला एक्सएलआर ते एक्सएलआर केबलच हवी. पेटीसाठी साधी मोनो केबल लांबवर ओढलीत तर ती अँटेनासारखी वागते.

खर्जस्वर

पायरीच आहे, टोक नाही. दहा मिनिटांत २३ रेघा. वायफाय बंद करून पुन्हा केलं तर ३.

तांब्याची_तार

मग दोषी जवळजवळ सापडला. ६४ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला फक्त १.३३ मिलिसेकंदांचा असतो. वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर २ मिलिसेकंद अडवून धरला की तेवढ्या वेळात बफर वेळेवर उचलला जात नाही आणि सॅम्पल जातात. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा आणि ड्रायव्हर्सच्या यादीत सर्वाधिक वेळ कोण घेतं ते पाहा. एनडीआयएस डॉट एसवायएस वर असेल तर ती नेटवर्कची बाजू. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा टाका, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी एअरप्लेन मोड ठेवा.

बफर ५१२ करा. तो १०.७ मिलिसेकंदांचा होतो, एवढ्यात बहुतेक अडथळे पोटात जातात. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येईल म्हणून लोक ६४ वर अडून बसतात, पण तो इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून ऐकवला की तो उशीर लागतच नाही, बफर कितीही मोठा ठेवा. फक्त रीपरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो.

उरलेल्या तीन रेघांसाठी: इंटरफेस यूएसबी हबवर असेल तर तिथून काढून थेट लॅपटॉपला लावा. यूएसबीवर ऑडिओ ज्या पद्धतीने जातो तिच्यात हरवलेलं पॅकेट परत पाठवलं जात नाही; पेन ड्राइव्ह त्याच हबवर बिनतक्रार चालतो म्हणून हब निर्दोष ठरत नाही. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. डिस्कवर मात्र शंका घेऊ नका: २४ बिटचे दोन ट्रॅक सेकंदाला २८८ किलोबाइट लिहितात, ते काहीच नाही. प्रोजेक्टचा फोल्डर क्लाउडला सिंक होत असेल तर तेवढं थांबवा.

संकलक_पुणे

झालेल्या अभंगांबद्दल. ऑडॅसिटीतल्या ‘रिपेअर’ इफेक्टला जास्तीत जास्त १२८ सॅम्पल देता येतात, ४८ किलोहर्ट्झला साधारण २.७ मिलिसेकंद. पायरीच्या दोन्ही बाजूंचे दहा-पंधरा सॅम्पल निवडून लावा. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवा. ‘क्लिक रिमूव्हल’ सगळ्या ट्रॅकवर फिरवू नका, त्यात पेटीच्या सुरांची सुरुवात बोथट होते.

गायकाच्या व्यंजनावर पडलेला ‘टक्’ सहज बुजतो. अवघड जागा म्हणजे पेटीचा लांब धरलेला सूर: तिथे लाटेचा क्रम तुटला की कान पकडतो. तिथे पायरीच्या आधी आणि नंतर लाट एकाच उंचीवर, एकाच दिशेने जाणारी जागा शोधा, मधलं कापा आणि ५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर येणं) द्या. कापाल ते दोन्ही ट्रॅकवर एकाच जागी, नाहीतर गाणं आणि पेटी एकमेकांपासून सरकतील. एकाच ओळीत तीन-चार ‘टक्’ असतील तर ती ओळ पुन्हा गाऊन घेतलेलीच बरी.