‘निअर्ली सिंग्युलर इंटिग्रल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : परिसीमा-घटक पद्धतीवरील (बाउंडरी एलिमेंट मेथड) टिपणात मी ‘जवळजवळ विलक्षण समाकल’ असा शब्दप्रयोग केला आहे. ‘सिंग्युलर’चा व्याकरणातील ‘एकवचनी’ हा अर्थ येथे लागू नाही, हे उघड आहे. परंतु ‘जवळजवळ’ योग्य वाटतो का?

उत्तर : ‘विलक्षण’ चालेल, पण ‘जवळजवळ’ मला पटत नाही. या पद्धतीत समीकरण सोडवताना क्षेत्राच्या केवळ परिसीमेचे, म्हणजे कडेचे, छोटे घटक पाडतात, आणि द्विमितीय लाप्लास समीकरणासाठी प्रत्येक घटकावर उगमबिंदूपासूनच्या (ज्या बिंदूसाठी समीकरण मांडतो, त्याच्यापासूनच्या) अंतराचा लॉगॅरिथम किंवा त्या अंतराचा व्यस्त असलेली फले समाकलित करावी लागतात. उगमबिंदू त्याच घटकावर असला तर अंतर शून्य होते, फल अनंत होते आणि समाकल खरोखर विलक्षण ठरतो. बिंदू घटकाबाहेर, पण अगदी लगत असला, तर फल कोठेही अनंत होत नाही. गणिताच्या काटेकोर दृष्टीने तो समाकल पूर्णपणे नियमित असतो. ‘जवळजवळ शून्य’ म्हणताना आपण मूल्याबद्दल बोलतो, येथे मात्र जवळ असतो तो बिंदू.

अडचण आहे ती आकडेमोडीची. −१ ते १ या घटकापासून d अंतरावर उगमबिंदू आहे असे समजून d/(x²+d²) या फलाचा समाकल काढू. d = ०.०१ असताना खरे उत्तर सुमारे ३.१२२ येते, तर गाउसच्या चार बिंदूंच्या सूत्राने (ठरावीक बिंदूंवरील फलाच्या मूल्यांची भारित बेरीज करून समाकल काढण्याच्या रीतीने) केवळ ०.१२२ मिळते, कारण मध्यभागी १०० उंचीचा जो अरुंद सुळका उभा असतो, त्यावर त्या चारांपैकी एकही बिंदू पडत नाही. x = d sinh u (sinh म्हणजे हायपरबोलिक साइन) असा चलबदल केला की त्याच फलाची कमाल उंची १ होते आणि मग पुरेसे बिंदू घेतल्यास गाउसचे सूत्र नीट चालते. तेल्स यांनी १९८७ मध्ये सुचवलेल्या घनरूपांतरामागेही (तिसऱ्या घाताच्या बहुपदीने केलेल्या चलबदलामागेही) बिंदू सुळक्याकडे एकवटण्याचाच विचार आहे.

शिवाय ‘जवळ’ हे घटकाच्या लांबीच्या मानाने ठरते. एकच बिंदू लांब घटकाच्या निकट, तर आखूड घटकापासून दूर असू शकतो. म्हणून मी ‘निकट-विलक्षण समाकल’ असे लिहीन.

प्रश्नकर्ता : संस्कृतातील ‘कल्प’ प्रत्यय लावून, ‘ऋषिकल्प’प्रमाणे, ‘विलक्षणकल्प’ म्हटले तर?

उत्तर : शब्द सुबक आहे, परंतु ‘कल्प’ साम्य दाखवतो आणि अंतराचा बोध पुन्हा हरवतो, पातळ पत्र्याच्या एका पृष्ठावरील बिंदू समोरच्या पृष्ठाला निकट असतो, त्याच्यासारखा नसतो. ‘निकट’नंतरची संयोगरेषा मात्र ठेवावी, कारण अंतराच्या वर्गाचा व्यस्त येतो तेथे ‘अतिविलक्षण’ हा शब्द लागतो, आणि ‘निकट-अतिविलक्षण’ हा शब्द तिच्याशिवाय वाचवत नाही.