ह्यूस्टनमध्ये माणसं रस्त्यावर उतरली होती

"फेसबुकवरच्या चार जाहिरातींनी कोणी मत बदलत नाही, रशियाचा हस्तक्षेप हे डेमोक्रॅट्सचं कुभांड आहे" असं अमेरिकेच्या २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल काही जण म्हणतात. जाहिरातींमुळे किती मतं फिरली हे मोजता येत नाही, इथवर मान्य. पण २१ मे २०१६ ला ह्यूस्टनमध्ये काय झालं ते या चर्चेत आलेलंच नाही. 'हार्ट ऑफ टेक्सास' या फेसबुक पानाने तिथल्या इस्लामिक केंद्रासमोर टेक्सासच्या 'इस्लामीकरणा'विरुद्ध निदर्शनं पुकारली. त्याच जागी, त्याच वेळी 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पानाने इस्लामी ज्ञान वाचवण्यासाठी लोकांना बोलावलं. रस्त्याच्या एका बाजूला कॉन्फेडरेट झेंडे (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचे), दुसऱ्या बाजूला त्यांचे विरोधक, मध्ये पोलीस. दोन्ही पानं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीची, म्हणजे खोट्या नावांनी पानं चालवणाऱ्या कंपनीची! खर्च सुमारे २०० डॉलर. ओरडणारी माणसं खरी होती, त्यांचा रागही खरा होता. बोलावणारं मात्र तिथे कोणीच नव्हतं.

हे १ नोव्हेंबर २०१७ च्या सुनावणीत मांडलं अमेरिकी सेनेटच्या गुप्तचर समितीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बर यांनी, आणि ते रिपब्लिकन. त्यामुळे कुभांडाची गोष्ट मला अजिबात पटत नाही. तरीही जुलै २०१८ मध्ये हेलसिंकीत पुतीन शेजारी उभे असताना ट्रम्प यांनी रशियाने हस्तक्षेप केला या आपल्याच गुप्तचर यंत्रणांच्या निष्कर्षापुढे पुतीन यांच्या नकाराला वजन दिलं. (दुसऱ्या दिवशी बोलण्यात चूक झाल्याचं सांगितलं.) त्या २०० डॉलरपेक्षा मला याचा जास्त त्रास होतो.